खिडकी पाहून कुंडी

घरात हिरवा मसाला पिकवायचं मनात आलं की आपण आधी नर्सरी गाठतो. तिथं हिरव्या जाळीखाली ओळीनं मांडलेली कढीपत्ता, पुदिना, बेसिल, रोझमेरीची टवटवीत रोपं पाहिली की हात आवरत नाही. चार पिशव्या घेऊन घरी येतो आणि मग त्या ठेवायच्या कुठे, याचा विचार सुरू होतो. सगळी गोम या क्रमातच आहे. आधी खिडकी बघायची, मग झाड ठरवायचं. घरातली रोपं जातात ती बहुतेक दोन कारणांनी, उजेड कमी पडला म्हणून किंवा पाणी जास्त झालं म्हणून. त्यातलं दुसरं कारणही पुष्कळदा पहिल्याच्या पोटातून निघतं, कारण ज्या रोपाला ऊन नाही ते पाणी ओढतच नाही आणि आपण मात्र रोज सकाळी तांब्या घेऊन हजर. ‘आमच्या हाताला गुण नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरी जाऊन बघावं. खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत असते.

खिडकीत उजेड किती आहे हे नुसतं बघून कळत नाही. डोळा फार लवकर जुळवून घेतो आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरातही ‘चांगला उजेड आहे की’ असा निर्वाळा देतो. म्हणून एक साधी परीक्षा करावी. सकाळी अकराच्या सुमारास, जिथे कुंडी ठेवायची तिथे एक पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्या फूटभर वर हात धरायचा. बोटं सुटी सुटी मोजता येतील इतकी ठसठशीत सावली पडली, तर ती जागा कढीपत्ता, तुळस, गवती चहा यांची. सावली पडली पण तिच्या कडा पुसट, तर पुदिना, पानांचा ओवा, हळद, विड्याचं पान यांचं तिथे भागेल. सावलीच दिसली नाही तर तिथे मनीप्लँट ठेवा. खाण्याचं काही लावू नका. हीच परीक्षा खिडकीपासून दोन पावलं आत येऊन पुन्हा करा, फरक बघून चकित व्हाल. ओट्याचा मागचा कोपरा, फ्रिजचं डोकं, जेवणाच्या टेबलाचा मध्य, म्हणजे सजावटीच्या फोटोंत कुंड्या हमखास जिथे दिसतात त्या सगळ्या जागा या परीक्षेत नापास होतात. सरकत्या खिडकीची काळसर काच आणि डासांची जाळी हीसुद्धा उजेड खातात. शक्य असेल तिथे कुंडी काचेच्या आत न ठेवता बाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवलेली केव्हाही बरी.

दिशांपैकी पूर्वेची खिडकी सगळ्यात गुणी. तीन-चार तास कोवळं ऊन मिळतं आणि दुपारची होरपळ टळते. पश्चिमेची खिडकी हिवाळ्यात उत्तम, एप्रिल-मेमध्ये मात्र पुदिन्याची पानं दोन दुपारींत करपवते; त्या दिवसांत तिला हिरवी जाळी किंवा जुन्या सुती साडीचा पडदा हवा. दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच बिचकतात. वास्तुवाले काय म्हणायचं ते म्हणोत, ऑक्टोबर ते फेब्रुवारी झाडांसाठी तिच्याइतकी चांगली खिडकी नाही. डिसेंबरात मुंबई-पुण्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो, त्यामुळे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट फरशीपर्यंत पोचतं. हीच खिडकी मे महिन्यात कोरी राहते, कारण सूर्य डोक्यावर गेलेला असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. या दोन्हींच्या मधल्या काळात सूर्य दुपारीदेखील किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून एरवी उपाशी राहणाऱ्या उत्तरेच्या खिडकीला तेवढेच दिवस तिरपं ऊन लाभतं. पण तिचं नशीब असं, की नेमके त्याच वेळी पावसाळी ढग येतात. उत्तरेच्या खिडकीवाल्यांनी कढीपत्त्याचा नाद सोडावा आणि पुढे सांगितलेल्या सावलीतल्या झाडांकडे वळावं, किंवा एक ट्यूब लावावी.

ट्यूबचं एवढ्यासाठी सांगतो, की जांभळा प्रकाश फेकणारे महागडे दिवे घ्यायची गरज नाही. साधी पांढरी २० वॉटची एलईडी ट्यूब कोथिंबीर, मेथी, पुदिना, बेसिल यांना पुरते. अट एकच, ती पानांपासून वीतभर उंचीवर हवी; छताला लावलेल्या ट्यूबचा झाडाला काही उपयोग नाही. भिंतीतल्या फळीच्या खालच्या बाजूला ती बसवली की खालच्या फळीवर कुंड्या मांडता येतात. रोज बारा तास चालू ठेवली तर महिन्याला सात-साडेसात युनिट वीज जाते. चालू-बंद करायचा टायमर लावला तर लक्षात ठेवण्याचीही कटकट नाही. रात्रभर मात्र ट्यूब चालू ठेवू नये. दिवस लांबल्यासारखा वाटला की कोथिंबीर पानं सोडून फुलावर येते.

आता माती. नर्सरीतून आणलेली नुसती लाल माती कुंडीत भरली की महिनाभर पाणी घालून घालून ती विटेसारखी घट्ट होते. पाणी वरच साचतं किंवा कडेनं थेट खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, असं मिश्रण करावं आणि त्यात दोन-तीन मुठी जाडसर रेती टाकावी. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा. कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी गाळून फेकून द्यावं, त्यात खार असतो. ताजं शेण, अर्धवट कुजलेला ओला कचरा किंवा चहाचा चोथा घरातल्या कुंडीत घालू नये. बागेत ते चालतं, घरात त्यावर बुरशी येते आणि चार दिवसांत चिलटं स्वयंपाकघरभर फिरू लागतात.

कुंडी कशाची यावर फार डोकं लावू नका, तळाला भोक आहे की नाही तेवढं बघा. मातीची कुंडी श्वास घेते पण लवकर सुकते, म्हणून उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा पाणी मागते. प्लॅस्टिकची ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात सांभाळून. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे मेथी आणि लसणीच्या पातीसाठी झकास. तापवलेल्या सळईनं तळाला सहा-सात भोकं पाडली की झालं.

पाण्याचं वेळापत्रक करू नये. ‘रोज एक ग्लास’ हा नियमच झाडं मारतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावं. आत गार आणि ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावं आणि बशीत साठलेलं अर्ध्या तासानं ओतून टाकावं. एप्रिलमध्ये ग्रिलमधल्या पुदिन्याला दिवसातून दोनदा लागेल, जुलैत आतल्या त्याच कुंडीला चार दिवस लागणार नाही. हवाच ओली असते, पानांतून पाणी उडून जात नाही. सुकलेलं झाड आणि कुजलेलं झाड दोन्ही माना टाकतात, हा खरा घोटाळा. मान पडलेली दिसली की आपण पाणी ओततो, आणि कुजत असलेल्या झाडावर तो शेवटचा घाव ठरतो. म्हणून मान पडली की आधी मातीत बोट, मग तांब्या.

बशीतलं पाणी ओतून टाकायचं ते फक्त मुळांसाठी नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. महापालिकेचे लोक पावसाळ्यात घरोघर येऊन कुंड्यांखालच्या बशा तपासतात ते उगाच नव्हे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं. त्या दिवशी बशा घासून पालथ्या घालाव्यात. कटिंग मुळं धरायला पाण्याच्या बाटलीत ठेवलं असेल तर ते पाणीही एक-दोन दिवसांनी बदलावं.

झाडांकडे वळताना सुरुवात कोथिंबिरीनं, कारण सगळ्यांना तीच हवी असते आणि सगळ्यांची तीच फसते. एक अख्खा धणा म्हणजे एक बी नव्हे. त्याच्या आत दोन बिया असतात. धणे ताटात पसरून त्यांवर लाटणं हलक्या हातानं फिरवायचं, इतकंच की धणा दोन फाकांत सुटेल, भरडला जाणार नाही. ते रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी निथळून तासभर कापडावर पसरायचे, म्हणजे पेरताना हाताला चिकटत नाहीत. वाण्याकडचे धणे चालतात, पण नव्या हंगामाचे, हिरवट झाक असलेले बघून घ्या. फार जुने किंवा भाजलेले धणे काही केल्या उगवणार नाहीत.

कुंडी पसरट आणि किमान सहा इंच खोल घ्यावी. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं आणि त्याला हलवलेलं खपत नाही, म्हणून रोप करून दुसरीकडे लावायच्या भानगडीत न पडता जिथे वाढवायची तिथेच पेरावी. बोटाच्या पेराच्या निम्म्यानं खोल रेघा ओढायच्या, धणे जरा मोकळे टाकायचे, माती लोटायची आणि वरून हातानं पाणी शिंपडायचं. तांब्यानं ओतलं तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. मग आठ ते पंधरा दिवस काहीच दिसत नाही. बहुतेकांचा धीर याच दिवसांत सुटतो. कुणी उकरून बघतं, कुणी पाण्याचा मारा करतं. वरची माती ओलसर राहील एवढंच बघा. वर ओलं वर्तमानपत्र झाकलं तरी चालतं, मात्र पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ते काढायचं, नाहीतर रोपं पांढरी आणि लांबुडकी होतात.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापायला येते. उपटू नका. बाहेरची मोठी पानं देठासकट कात्रीनं घ्या आणि मधला कोंब राहू द्या. अशानं दोन-तीनदा कापणी मिळते. त्यानंतर मधून एक उंच दांडा येतो, पानं बडीशेपेसारखी बारीक होतात आणि पांढरी फुलं लागतात. तिथे तिचं आयुष्य संपलं. दांडा छाटून ती परत पहिल्यासारखी होत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी एक नवा डबा पेरत राहावा, तीन डबे फिरते ठेवले की ताटावर भुरभुरायला घरची कोथिंबीर कायम मिळते. हंगाम म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात ती उगवतेही कमी आणि फुलावरही लवकर येते, तेव्हा दाट पेरून तीन आठवड्यांतच कोवळी कापून घ्यावी. आणि एक हिशोब आधीच स्पष्ट असू द्या. एका डब्यात पोहे, आमटी, कोशिंबीर निघेल, वड्या निघणार नाहीत. वड्यांची जुडी मंडईतूनच आणायची. पैसे वाचतील म्हणून कोथिंबीर लावणाऱ्यांना हा उद्योग परवडत नाही. रात्री आठला आमटी उकळत असताना चार काड्या हव्या असतात, त्यांच्यासाठी हा आहे.

घाई असेल त्यांनी मेथी पेरावी. मुंबईच्या बाजारात मुळांसकट बांधलेल्या, करंगळीएवढ्या उंचीच्या कोवळ्या मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, ती समुद्रमेथी. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत ती दाट पेरून दोन पानांवरच काढतात. हल्ली ‘मायक्रोग्रीन’ म्हणून छोट्या डब्यांत महाग विकतात ते याहून वेगळं काही नाही. घरी करायला अगदी सोपी. मेथीदाणे रात्रभर भिजवा, डब्यात दोन-तीन इंच रेतीमिश्रित माती घेऊन त्यावर दाणे एकमेकांना टेकतील इतके दाट पसरा, वर पातळ थर द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब, बाराव्या-पंधराव्या दिवशी भाजी. तिला फार उन्हाचीही गरज नाही, कारण इतक्या कमी दिवसांत ती दाण्यातल्या साठ्यावरच बरीचशी वाढते. लहान मुलांना कामाला लावायचं असेल तर याच पिकानं सुरुवात करावी. त्यांचा धीर तेवढाच असतो. लसणीची पातही अशीच. कोंब फुटू लागलेल्या पाकळ्या टोक वर करून डब्यात खोचायच्या, थंडीत पंधरवड्यात वीतभर पात येते. दोनदा-तीनदा कापली की पाकळी रिकामी होते, मग नव्या खोचायच्या. बाजरीची भाकरी आणि पातीचा ठेचा हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

पुदिन्याचं रोप विकत आणू नका. भाजीवाल्याकडच्या जुडीतून जाड, किंचित जांभळट दांड्यांच्या आठ-दहा काड्या निवडा. खालची पानं काढा आणि एक-दोन पेरं पाण्यात बुडतील अशा बाटलीत ठेवा. पेरातूनच मुळं फुटतात. आठवडा-दहा दिवसांत दोन बोटं लांब झाली की मातीत लावा. पुदिना आडवा धावतो, म्हणून त्याला खोल नव्हे तर रुंद कुंडी लागते. एकाच कुंडीत पुदिना आणि आणखी काही लावलं तर वर्षभरात फक्त पुदिना उरतो. काड्या लांबुडक्या होऊन पानं बारीक दिसायला लागली की दया न दाखवता मातीपासून दोन बोटांवर सगळा छाटावा. पंधरा दिवसांत नवा दाट फुटतो.

सावलीच्या खिडकीचा विचार आपण फारच कमी करतो, खरं तर तिथेच आपल्याकडची काही खास पानं येतात. विड्याचं पान पानमळ्यातसुद्धा मुद्दाम सावलीत वाढवतात. ग्रिलच्या सळईला किंवा काथ्या गुंडाळलेल्या काठीला नागवेल चढवली, की उत्तरेच्या खिडकीतही पूजेपुरती आणि जेवणानंतरच्या विड्यापुरती पानं निघतात. पानांचा ओवा म्हणजे जाड, लवदार, भजी करतात ते पान; त्याची फांदी मातीत खोचली तरी लागते आणि पाणी विसरलं तर उलट खूश असतो. नर्सरीत अन्नपूर्णा किंवा बासमती या नावानं मिळणारं केवड्याच्या जातीतलं एक लांब पानांचं झाड आहे. बासमती तांदळाला ज्या द्रव्यामुळे वास येतो तेच या पानात असतं. साध्या कोलमच्या भातात शिजताना एक पान गाठ मारून टाकलं की घरभर दरवळतं. त्यालाही थेट ऊन नको.

आणि हळद. हळदीचा कंद कुणी घरात हळकुंडांसाठी लावणार नाही, तो लावायचा पानांसाठी. कोकण-गोव्यात नागपंचमीला पातोळ्या हव्यात, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सणाला त्याच पातोळ्या होतात, आणि नेमकी त्याच आठवड्यात शहरात हळदीची पानं दामदुप्पट होतात. अक्षय तृतीयेच्या आसपास डोळे फुटू लागलेला ओला कंद दहा इंची कुंडीत दोन इंच खोल पुरावा. पहिला महिना काहीच घडत नाही. पाणी बेतानं घालत राहायचं. पावसाच्या सुमारास पान वर येतं आणि श्रावणात हातभर होतं. एका कुंडीत दोन-तीन कंद असले तर दहा-बारा पातोळ्या निघतात. थंडीत पानं पिवळी पडून गळून जातात, झाड मेलं असं समजून कुंडी फेकू नका. कंद आत झोपलेला असतो. पाणी बंद करायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करायचं.

कढीपत्ता हे खरं म्हणजे झाड आहे, त्याला खिडकीत ठेवणं ही आपली जबरदस्ती. तरी चार-पाच तास ऊन असेल तर तो मान्य करतो. बी पिकून काळं झालेलं, ताजं लागतं. वाळवून ठेवलेलं बी लवकर निकामी होतं. ओळखीच्या अंगणात झाड असेल तर त्याच्या मुळांतून आजूबाजूला फुटलेली पिल्लं मुळासकट काढून लावणं सगळ्यात सोपं, आणि पावसाळा त्यासाठी योग्य. पहिलं वर्ष पानं तोडायची नाहीत, हे पथ्य फार थोड्यांना पाळता येतं. दोन फूट झाला की शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात. फोडणीसाठी एकेक पान ओरबाडून न घेता पूर्ण काडी कापावी. थंडीत वाढ थांबते, काही पानं पिवळी होतात. तेव्हा खत आणि पाणी दोन्ही कमी करायचं. आंबट ताकाचा उपाय प्रत्येक घरात कुणीतरी सांगतंच. ताक घालायचं असेल तर चौपट-पाचपट पाणी मिसळून, महिन्यातून एकदा, आणि कुंडी बाहेर ग्रिलमध्ये असेल तरच. बंद खोलीत ताकाचा वास आणि त्यावर येणाऱ्या मुंग्या सोसाव्या लागतात. त्यापेक्षा दीड-दोन महिन्यांतून एकदा दोन मुठी शेणखत द्यावं, ते जास्त कामाचं.

एखाद्या सकाळी कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. जरा वेळ बघा, तो हलेल. ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लाय या फुलपाखरांची अळी. लिंबाच्या कुळातली झाडं हेच तिचं अन्न, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि दोन-तीन अळ्या मिळून लहान रोप चार दिवसांत काड्यांवर आणतात. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन यांचंच भावंड. माझं मत असं, की मोठं झाड असेल तर अळ्यांना खाऊ द्यावं, पानं परत येतात. रोप लहान असेल तर पानासकट उचलून सोसायटीच्या आवारातल्या लिंबावर सोडाव्यात. औषध मारू नये. तीच पानं आपल्याला आमटीत घालायची आहेत.

बाकीच्या किडींसाठीही पहिला उपाय पाणी. मावा आणि लाल कोळी बेसिनमध्ये नळाच्या धारेखाली पानांची खालची बाजू धुतली की बरेचसे जातात; दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवायचं. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यानं पुसून काढावा. तरीही हटत नसेल तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारावं आणि नंतर आठवडाभर पानं खाऊ नयेत. नर्सरीतून आणलेल्या रोपाचं तर आलं तसं पान तोंडात टाकूच नका. तिथे काय फवारलंय ते आपण पाहिलेलं नसतं. महिनाभर थांबून, घरी फुटलेली नवी पानं वापरावीत.

पिझ्झा-पास्त्यावर भुरभुरायच्या विलायती पानांचं थोडक्यात सांगतो. बेसिल सोपी आहे. फालुद्यासाठी आणलेला सब्जा ही तुळशीच्या कुळातलीच, गोडसर वासाची जात, आणि ते बी बहुतेक उगवतं. न भिजवता मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही. इटालियन जातीची चव तिला येत नाही, पण टोमॅटोच्या सारात छान लागते. सब्जा काय आणि देवघरापुढची तुळस काय, मंजिरी आल्या की खुडायच्या, नाहीतर पानं कमी होऊन झाड वाळत जातं. रोझमेरी आणि थाइम ही कोरड्या, दगडाळ डोंगरांवरची झाडं. पुण्यात रेताड मातीत, पावसापासून आडोशाला ठेवून टिकतात. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत त्यांना वाचवण्यात अर्थ नाही, सप्टेंबरात नवं रोप आणावं.

परदेशातल्या मराठी घरांत कढीपत्ता म्हणजे जीव की प्राण. तिकडे रात्रीचं तापमान १० अंशांखाली जायच्या आत कुंडी घरात घ्यावी, हीटरच्या झोतापासून लांब, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत. पानं गळतील, पाणी कमी करून वसंतापर्यंत वाट बघायची. मात्र इथून बॅगेत रोप किंवा बी लपवून न्यायचं नाही. लिंबू-संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग ज्या किड्यामुळे पसरतो, तो कढीपत्त्यावर राहतो, म्हणून अमेरिकेत या झाडाच्या ने-आणीवर कडक निर्बंध आहेत. रोप तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्यावं.

ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच बघून घ्याव्यात. ओल्या मातीची दहा इंची कुंडी सहज आठ-दहा किलो भरते. पाच-सहा कुंड्यांचं वजन जुन्या, गंजलेल्या ग्रिलला पेलतं का, हे फॅब्रिकेशनवाल्याला दाखवून घ्या, आणि कठड्यावर सुटी कुंडी कधीही ठेवू नका. दुसरं, तुमच्या कुंडीतून गळलेलं लाल पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर पडतं. कुंडीखाली बशी आणि पाणी घालायची वेळ रात्रीची, एवढं पाळलं तर सोसायटीच्या सभेत तुमचा विषय निघणार नाही.

मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी कुंड्या उन्हातून काढून खिडकीच्या आत, एकमेकींना चिकटवून ठेवा. घोळक्यात ओल टिकते. मधोमध, जरा उंचावर पाण्याची बादली ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीच्या मातीत जाड सुती दोरीचं एकेक टोक खोचायचं, दुसरं टोक बादलीच्या तळाशी. दोरी आधी भिजवून घ्या आणि बादलीचं तोंड कापडानं बांधा, डासांसाठी. पुदिना निघण्यापूर्वी दोन बोटांवर छाटावा, म्हणजे पाणी कमी लागतं. पानांच्या ओव्याला काहीच करायला नको. कढीपत्त्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी, पण ‘रोज घाला’ असं न सांगता ‘चार दिवसांनी एकदा, बोट घालून बघून’ असं सांगावं. कोथिंबिरीसाठी एवढी यातायात करू नये. ती उन्हाळ्यात तेवढे दिवस थांबत नाही. असेल नसेल तेवढी आदल्या दिवशी कापावी, मंडईतल्या एका जुडीची भर घालून वड्या कराव्यात आणि प्रवासाच्या डब्यात न्याव्यात.